परदेशी पाठवायचं कुणाला?

कंपनीच्या कामासाठी परदेशी जाणाऱ्या बायकांचे प्रशिक्षणवर्ग मी घेते. जपानमध्ये व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी घ्यावं, लगेच पर्समध्ये कोंबू नये, हे शिकवायला अर्धा तास पुरतो. खरी अडचण त्याआधीची. यादीत बाईचं नावच नसतं. ‘तिकडचे लोक बाईचं ऐकणार नाहीत’, साहेब सांगतात. तेही तिच्या काळजीपोटी!

नॅन्सी अ‍ॅडलर या अभ्यासक बाईंनी हे तपासलं. १९८४ साली त्यांनी मांडलेली पाहणी अशी: अमेरिका-कॅनडातल्या ६८६ कंपन्यांनी परदेशी नेमलेल्या तेरा हजारांवर लोकांत बायका फक्त ३ टक्के. मग आशियात काम केलेल्या ५२ जणींशी त्या बोलल्या. ९७ टक्के जणींनी काम यशस्वी झाल्याचं सांगितलं. तिथल्यांच्या लेखी त्या आधी ‘गायजिन’, म्हणजे परक्या, आणि मग बाई. स्थानिक स्त्रीवरची बंधनं त्यांना लागू नव्हती. (त्या स्थानिक स्त्रीचं काय, हेही विचारायला हवंच.)

अर्थात त्यांच्या हातात श्रीमंत देशातल्या कंपनीचं कार्ड होतं. पुण्याहून जाणारीला तोच मान मिळेल, असं मी गृहीत धरत नाही. म्हणून मी सांगते, निघण्याआधी साहेबांच्या सहीचं पत्र तिकडे पोचू दे: निर्णयाचा अधिकार हिचा आहे.

वर्ग घेताना माझी एकच अट असते. पाठवणाऱ्या साहेबांनीही बसायचं. बहुतेक जण चहापर्यंत थांबतात.