पाटी एक, माल दुसरा

(तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



मी गोदीतला माणूस. मॅट्रिक झालो आणि कामाला लागलो. कविता लिहितो म्हणून तुम्ही मला इथं उभं केलंय, पण आज कविता नाही. आज टीव्हीवर बोलायचंय. हल्ली 'गोदी मीडिया' म्हणतात ना, ती हिंदीतली गोदी. साहेबाच्या मांडीवर बसायची. आमची गोदी घामाची. तिचा-आमचा संबंध नाही.

आमच्या धंद्यात पेटीवरचा मार्का आणि आतला माल जुळला नाही तर पेटी अडते. कागद मागतात. माल कुणी बदलला, विचारतात. टीव्हीच्या धंद्यात पाटी तीच ठेवून आतला माल खुशाल बदलतात, आणि कुणी कागद मागत नाही. एमटीव्ही १ ऑगस्ट १९८१ ला अमेरिकेत सुरू झालं ते चोवीस तास गाणी दाखवायला. १९९२ पासून तिथं अनोळखी पोरापोरींना एका घरात कोंडून त्यांची भांडणं दाखवायला लागले. गाणी हळूहळू कोपऱ्यात गेली. २०१० मध्ये बोधचिन्हाखालचे 'म्युझिक टेलिव्हिजन' हे शब्दही काढून टाकले. निदान तेवढं तरी प्रामाणिकपणाचं झालं. बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही.

पांढरपेशे म्हणतात, काळ बदलला, लोकांची आवड बदलली, त्यात काय एवढं? मी म्हणतो, आवडीचं नंतर बघू. आधी हे बघू की पेटीतून कुणाचा माल बाहेर काढला.

एका उपग्रहाची गोष्ट सांगतो. त्याचं नाव एटीएस-६. नासानं तो मे १९७४ मध्ये सोडला. पहिलं वर्ष तो अमेरिकेवर होता. तिथं अपालाचिया नावाचा डोंगरी मुलुख आहे. कोळशाच्या खाणी, खाणीत फुफ्फुसं काळी झालेले मजूर, आणि अठराविश्वं दारिद्र्य. त्या डोंगरातल्या शिक्षकांना या उपग्रहावरून शिकवलं जायचं. मग १९७५ मध्ये तोच उपग्रह सरकवून आपल्या बाजूला आणला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६, पूर्ण एक वर्ष, त्यानं भारतातल्या सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांना टीव्ही दाखवला. शेती, आरोग्य, शाळेतल्या पोरांसाठी धडे. गावाला एक संच, आणि सगळ्या गावानं मिळून बघायचं. म्हणजे बघा, खाणमजुराचा डोंगर आणि आपलं खेडं एकाच यंत्रानं जोडलं होतं.

पुढं काय झालं? दोन्हीकडं बघा.

अपालाचियातल्या त्या प्रयोगातून एक वाहिनी उभी राहिली. १९८० मध्ये ती खासगी झाली. नाव पडलं 'द लर्निंग चॅनेल', शिकण्याची वाहिनी. १९९१ मध्ये ती डिस्कव्हरी कंपनीनं विकत घेतली. मग नावाची फक्त तीन अक्षरं उरली, टीएलसी. ती आपल्याकडंही दिसते. खाणं, कपडे, लग्नं, प्रवास. २०१२ मध्ये याच वाहिनीनं अमेरिकेत 'हिअर कम्स हनी बू बू' नावाचा कार्यक्रम काढला. जॉर्जिया राज्यातलं एक गरीब गोरं कुटुंब. त्यांचं खाणं, त्यांचं बोलणं, त्यांच्या लहान पोरीच्या सौंदर्यस्पर्धा. त्यांची बोली कळत नाही म्हणून पडद्यावर खाली इंग्रजीतच अक्षरं. देश बघतोय आणि हसतोय. जी वाहिनी खेड्यातल्या गरिबाला शिकवायला निघाली होती, ती गरिबालाच तमाशात उभा करून तिकीट लावून बसली. याला नुसता आवडीचा बदल म्हणायचं?

आता आपल्याकडं या. त्याच १९७५ साली गुजरातेत खेडा जिल्ह्यात पीज गावी इस्रोनं एक छोटा ट्रान्समीटर चालवला. त्याची खासियत ही, की कार्यक्रम त्याच जिल्ह्यातले, त्याच बोलीतले, आणि कित्येकदा गावकरीच पात्रं. किमान वेतन का मिळत नाही, अस्पृश्यता कशी पाळतात, सावकार कसा नाडतो, हे पडद्यावर यायचं. १९८४ मध्ये त्याला युनेस्कोचं पारितोषिक मिळालं. १९८५ मध्ये तो बंद करायचं ठरलं. लोक विरोधाला उठले, पण गेलं ते गेलंच. दिल्लीहून येणारे कार्यक्रम मोठ्या ट्रान्समीटरनं सगळीकडं पोचत होते ना! दूरदर्शनवर जाहिराती १ जानेवारी १९७६ पासूनच सुरू झाल्या होत्या. साबण विकणाऱ्याला किमान वेतनाचा कार्यक्रम कशाला हवा?

दुसरी गोष्ट माझ्या जिव्हाळ्याची आहे, हमालीची. इतिहासाची म्हणून एक वाहिनी १९९५ मध्ये अमेरिकेत निघाली. २०११ पासून आपल्याकडंही आहे. तिच्यावर गहाणवटीच्या दुकानाचा कार्यक्रम आला, बर्फावरच्या ट्रकवाल्यांचा आला. तेही चालवून घेऊ. पण २०१० पासून तिच्यावर 'एन्शंट एलियन्स' ही मालिका चालली. तिचा सूर एकच. पिरॅमिड माणसांनी बांधले असतील कसे? परग्रहावरून कुणीतरी आलं असेल.

दोस्तांनो, २०१३ मध्ये इजिप्तच्या तांबड्या समुद्राकाठी, वादी अल-जर्फ इथं पपायरसचे तुकडे सापडले. साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. त्यात मेरेर नावाच्या एका मुकादमाची रोजनिशी आहे. त्याची टोळी तुरा इथल्या खाणीतून चुनखडीचे दगड नावेत भरायची आणि नाईलमधून गिझाला, खुफूच्या पिरॅमिडच्या कामावर पोचवायची. आज दगड भरले, रात्र अमुक ठिकाणी काढली, उद्या परत. बस. जगातला सगळ्यात जुना लिहिलेला पपायरस, आणि तो कुणाचा? गोदीवाल्यांचा! गिझाजवळ त्या कामगारांची वस्ती खणून काढलीय, त्यांच्या भट्ट्या, त्यांच्या कबरी सापडल्यात. सगळं जगापुढं आहे. तरी इतिहासाची पाटी लावून हे विचारतात, हे माणसांनी केलं असेल का? आमच्या हाताचं श्रेय द्यायचं नाही म्हटलं की कधी ते देवाला देतात, कधी राजाला, आता परग्रहवाल्याला. पाटी बदलली असती तर मला काही म्हणायचं नव्हतं. 'गप्पाटप्पा' नाव द्या आणि दाखवा. पण 'इतिहास' ही पाटी ठेवून माझा इतिहास पेटीतून काढता, तेव्हा ती चोरी होते.

तिसरी गोष्ट ज्यांच्याकडून आपण पँथर हे नाव घेतलं, त्या काळ्या बांधवांची. जानेवारी १९८० मध्ये रॉबर्ट जॉन्सन या काळ्या माणसानं 'ब्लॅक एंटरटेनमेंट टेलिव्हिजन' काढलं. आठवड्याला दोन तासांपासून सुरुवात. गाणी होतीच, फुकटात मिळायची म्हणून जास्तच होती. पण बातम्या होत्या, चर्चा होत्या, पोरांसाठी 'टीन समिट' होतं. २००० मध्ये सुमारे तीन अब्ज डॉलरला ती व्हायाकॉमला विकायचा सौदा झाला. २००२ मध्ये चर्चेचे कार्यक्रम आणि 'टीन समिट' बंद केले. २००५ मध्ये रात्रीच्या बातम्याही गेल्या. नावात 'ब्लॅक' शाबूत. चेहरेही काळे. बोलणं तेवढं काढून घेतलं. हे नीट लक्षात ठेवा. आपला माणूस मालक झाला म्हणजे माल आपला राहतो, असं नाही.

आता 'लोकांना हेच हवंय' या वाक्याकडं येऊ. लोक म्हणजे कोण? २०२० चा हिशोब घ्या. देशात टीव्ही असलेली घरं एकवीस कोटींच्या आसपास. कोण काय बघतं हे मोजणारे बार्कचे मीटर सुमारे ४४ हजार घरांत. म्हणजे एका मीटरमागं पावणेपाच हजार घरं. त्याच साली मुंबई पोलिसांनी या मीटरच्या आकड्यांत गडबड केल्याचा गुन्हा नोंदवला, आणि बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे काही काळ जाहीर करणं थांबवावं लागलं. ते २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. त्या आकड्यावर जाहिरातीचा दर ठरतो. दर कुणाच्या घरावर ठरतो? ज्याच्या खिशात खरेदीचा पैसा आहे त्याच्या. दुकानात गिऱ्हाईक मी नाही, गिऱ्हाईक जाहिरातवाला. मी तिथं विकायला ठेवलेला माल. आणि ज्या मालाला भाव कमी, त्याच्यासाठी कोण वाहिनी चालवील? म्हणून विषय सुटतो तेव्हा पहिला बाहेर पडतो तो मजूर, खेडूत, काळा, दलित. नेहमी तोच.

आता शेवटचं, आणि तेच माझ्या पोटात जास्त दुखतंय. तुमच्यातल्या निम्म्यांच्या मोबाईलवर स्वतःची वाहिनी आहे. कुणी अत्याचाराच्या बातम्या द्यायला काढली, कुणी बाबासाहेबांचा विचार सांगायला. फार चांगलं केलं. पण आकडा तिथंही आहे. बघणारे किती, हे रोज सकाळी दिसतं. वस्तीतल्या पाणीप्रश्नाला तीनशे बघतात आणि दोन गायकांच्या भांडणाला तीन लाख. उद्या पैसा यायला लागला की पाणीप्रश्न आठवड्यातून एकदा होणार, मग महिन्यातून, मग जयंतीला. निळा झेंडा पाटीवर तसाच फडकत राहील.

तेव्हा एवढं करा. वाहिनी कशासाठी काढली ते चार ओळींत लिहा. वर्षाकाठी ज्यांच्या नावानं काढली त्यांच्या वस्तीत जा, त्या चार ओळी मोठ्यानं वाचा, आणि वर्षभरात काय दाखवलं त्याची यादी पुढं ठेवा. पैसा कुठून आला तेही सांगा. शिव्या बसल्या तर खा. पटलं नाही तर पाटी उतरवा आणि गाण्यांची वाहिनी म्हणून खुशाल चालवा, त्यात लाज नाही. आणि बघणाऱ्यांनो, तुम्हीही नुसतं बटण दाबून पुढं जाऊ नका. कागद मागा. ज्याचं नाव पाटीवर आहे, त्याला आत काय आहे ते विचारायचा हक्क आहे.

जय भीम.