माठ आणि मुकी जनावरे



सुरतेला भूतदयेची परंपरा जुनी आहे. इ. स. १६९० मध्ये तेथे आलेल्या ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने गाई, घोडे, शेळ्या, कुत्री यांच्यासाठी चालविलेल्या तेथील रुग्णालयाचे वर्णन आपल्या प्रवासग्रंथात केले आहे. पांजरपोळ सुरतेत आजही आहे. परंतु उन्हाळ्यात नुसती दया पुरत नाही. तिला थोड्या ज्ञानाची जोड लागते.

खानदेशातून येऊन सुरतेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. जळगाव-भुसावळकडे ४५ अंशांचे ऊन सोसलेल्या माणसाला सुरतेचे ३८ अंश किरकोळ वाटतात. घरच्या कुत्र्यालाही ते तसेच वाटत असतील, असे मात्र समजू नये.

याचे कारण आपल्या घरातील माठ सांगेल. माठातून पाझरलेले पाणी वाऱ्याने सुकते आणि सुकताना आतली उष्णता घेऊन जाते. खानदेशच्या कोरड्या हवेत ते चटकन सुकते. समुद्राजवळच्या दमट हवेत सुकत नाही, म्हणून माठ हवा तसा गार होत नाही. कुत्र्याचेही तसेच आहे. त्याला घाम येतो तो बहुतांशी पंजांच्या तळव्यांनाच. धापा टाकून, जिभेवरचा व श्वासमार्गातला ओलावा सुकवून तो अंग निववितो. हवाच दमट असली की हा उपाय लंगडा पडतो. तेव्हा माठ गार होईना, की कुत्र्याला जपावे.

त्याला पहाटे फिरवावे. सायंकाळी डांबरी रस्त्यावर हाताची पालथी बाजू टेकून पाहावी; सात सेकंद ठेववली नाही, तर त्याचे पायही भाजतील. नुसत्या पंख्याचा त्याला फारसा उपयोग नाही. पोट व पाय ओले करून मग पंखा लावावा. पत्र्याच्या बंद खोलीत किंवा उभ्या मोटारीत त्याला क्षणभरही कोंडू नये. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर धोका अधिकच. पोपटाचा पिंजरा पत्र्याखाली टांगू नये. चोच उघडी व पंख अंगापासून दूर दिसले, की तो तापला असे समजावे. मांजराने तोंड उघडून धापा टाकणे हेही भयसूचकच.

कुत्र्याचे शरीर निरोगी स्थितीत सुमारे ३८ ते ३९ अंश असते; ४१ च्या वर प्राणावर बेतते. तो लडखडू लागला, लाळ गाळू लागला, ओकू लागला, तर प्रथम सावलीत आणून अंगावर नळाचे पाणी ओतावे, वारा घालावा आणि मग पशुवैद्याकडे न्यावे. निवविण्यापूर्वी प्रवासात दवडलेला वेळ घातक ठरतो. ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवू नये. उष्णता आतच कोंडते. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात पाणी ओतू नये.

दारी एखादे पसरट मातीचे भांडे पाण्याने भरून ठेवावे. रस्त्यावरच्या ज्या जनावरांना मालक नाही, त्यांची तहान आपणच ओळखावयाची आहे.