वेळ सांगताना गावही सांगा



लेक न्यू जर्सीत, आईबाबा साताऱ्यात.
लेकीचा निरोप येतो,
'शनिवारी रात्री आठला बोलू.'
पण आठ कुठले? तिथले की इथले?

जुलै महिना असेल,
तर तिथले शनिवारी रात्रीचे आठ
म्हणजे आपली रविवारची पहाट, साडेपाच.
तारीख बदलली, वारही बदलला.

बरं, हा फरक वर्षभर सारखा राहत नाही.
अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी
घड्याळं एक तास पुढे करतात.
नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ती मागे घेतात.
त्यामुळे उन्हाळ्यात आपण न्यू जर्सीच्या साडेनऊ तास पुढे,
आणि हिवाळ्यात साडेदहा.
आपल्याकडे मात्र घड्याळाला कुणी हात लावत नाही.

खरा घोळ होतो तो आद्याक्षरांनी.
'आयएसटी' दिसलं, की आपण भारताची प्रमाणवेळ धरतो.
पण इस्रायलची प्रमाणवेळही आयएसटीच.
आणि आयर्लंडची उन्हाळी वेळसुद्धा!
'सीएसटी' तर अमेरिकेच्या मध्य भागाचीही आणि चीनचीही.
त्या दोन वेळांत १४ तासांचं अंतर आहे.
परदेशी नोकरीची मुलाखत एवढ्याने हुकू शकते.

म्हणून नुसत्या अक्षरांवर विसंबू नका.
वार, वेळ आणि गाव, तिन्ही लिहा.
'रविवार, पहाटे साडेपाच, साताऱ्याची वेळ.'
आणि खाली,
'शनिवार, रात्री आठ, न्यू जर्सीची वेळ.'

विमानाच्या तिकिटावरही उतरण्याची वेळ
उतरायच्या गावचीच असते.
न्यायला येणाऱ्यांना तीच कळवा.