‘वतन’ या शब्दाची कथा



सातारा-सांगलीकडच्या कोणत्याही गावात ‘वतन’ म्हटले की जमिनीचा तुकडा डोळ्यांपुढे येतो आणि त्याच्या मागोमाग कोर्टकचेरी. उत्तर हिंदुस्थानात हाच शब्द उच्चारला तर ऐकणाऱ्याला मायभूमी आठवते. हे अंतर कसे पडले, याचा थोडा विचार आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत.

शब्द मूळचा अरबी. वस्ती करून राहणे हा त्याच्या धातूचा अर्थ. म्हणून वतन म्हणजे राहते ठिकाण, जन्मभूमी. फारसीच्या वाटेने तो दख्खनच्या दप्तरांत आला. माणूस जिथला, तिथे त्याचा काही हक्क असतो. त्या हक्काकडे अर्थ हळूहळू सरकला, असे आम्हांस वाटते. मोगल दरबारी रजपूत राजांच्या मूळ मुलखातील जहागिरीस ‘वतन जहागीर’ म्हणत. तेथे दोन्ही अर्थ एकत्र नांदताना दिसतात. आपल्याकडे भूमी मागे पडली आणि हक्क उरला. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी ही वतने झाली. ती वंशपरंपरेने चालत, वाटली जात, विकलीही जात. त्यांच्यापायी भाऊ भावाचा वैरी झाला. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात वतनदारांना राज्याचे दायाद, म्हणजे वाटेकरी भाऊबंद मानले आहे, ते उगाच नव्हे.

पण वतन महारांचेही होते. गावची शीव दाखवायची, सरकारी टपाल पोचवायचे, मेलेले जनावर ओढायचे, वेळी-अवेळी हाक आली की उठायचे. मोबदला काय, तर इनामाचा लहानसा तुकडा आणि बलुते. पाटलाला वतनाने मान दिला. महाराला त्याच नावाने गावाच्या चाकरीला जखडून टाकले. कोशात शब्द एक, पण वेशीच्या आत त्याचा अर्थ निराळा आणि वेशीबाहेर निराळा!

१९०० साली साताऱ्याच्या शाळेत दाखल झालेल्या भीमराव आंबेडकरांनी हा अर्थ पुरता ओळखला. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे बिल मांडले. ते पार पडले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा १९५८ चा. तो पाहायला बाबासाहेब उरले नव्हते. मुलकी पाटलांचे पद १९६२ च्या कायद्याने गेले.

वतने गेली तरी शब्द राहिला आहे. सातबाऱ्यावर आजही ‘महार वतन’ अशी नोंद आढळते, आणि तसली जमीन विकायची तर सरकारची परवानगी लागते.

श्रोतेहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुन्या कागदांची पेटी असेल. ती एकदा उघडून पाहा. वतनाने आपल्या घराण्याला काय दिले हे त्यात सापडेलच. पण त्याच वतनासाठी गावातले कोण राबत होते, तेही शोधा. मायभूमी हा मूळ अर्थ आपल्याला परत हवा असेल, तर तो गावातल्या प्रत्येक घराला लागू झाला पाहिजे.