पट्ट्यांची गोधडी

दुर्ग जिल्ह्यातील उतई हे भिलाईच्या पोलाद कारखान्याजवळचे एक लहानसे गाव. आता तेथे नगरपंचायत आहे, बाजारपेठ आहे. तरी वस्ती ओलांडली की भाताची खाचरेच लागतात. धान कापून झाले म्हणजे बांधांनी आखलेली ती खाचरे उघडी पडतात. काही लांबट, काही चौकोनी, मध्येच एखादे वाकडे. एकमेकांना लागून असलेले ते तुकडे पाहिले की कोणी एक विस्तीर्ण वाकळ जमिनीवर पसरून ठेवली आहे असा भास होतो. ही उपमा नवी नव्हे. विनयपिटकात अशी कथा आहे की, मगधातील भातशेते आणि त्यांचे बांध पाहून बुद्धांनी आनंदाला विचारले, भिक्षूंची चीवरे या धर्तीवर बेतता येतील काय? आनंदाने तसा नमुना तयार केला आणि बुद्धांनी त्याच्या बुद्धीची वाखाणणी केली. कापडाचे लांबट तुकडे, त्यांच्यामध्ये बांधांसारख्या अरुंद पट्ट्या आणि सभोवार कड, ही चीवराची रचना भिक्षुसंघाने आजतागायत राखली आहे. कापून जोडलेल्या वस्त्राला बाजारात मोल येत नाही, म्हणून चोराला त्याचा मोह पडत नाही, असेही एक कारण परंपरेने सांगितले जाते. मोलाचा हा प्रश्न पुढे पुन्हा येणार आहे.

पट्ट्या कापून ठेवायच्या, त्या भराभर जोडायच्या आणि दोन-तीन दिवसांत पांघरूण व त्याला शोभेशा उशा तयार करायच्या, ही पद्धत हल्ली परदेशातून आलेली नवलाई म्हणून सांगितली जाते. तिचा वेग खरा आहे, तिची उपयुक्तताही खरी आहे. परंतु हा वेग नेमका कोठे मिळतो आणि कोठे मिळत नाही, हे पाहावयाचे तर आधी आपल्या गोधडीकडे पाहिले पाहिजे.

भिलाईचा कारखाना सोव्हिएत संघाशी १९५५ साली झालेल्या करारातून उभा राहिला आणि त्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९मध्ये पेटली. कामासाठी देशाच्या सर्व भागांतून माणसे आली. त्यांत विदर्भातील मराठी कुटुंबेही होती. नागपूरकर भोसल्यांच्या अमलामुळे या प्रदेशाशी मराठी माणसाचा संबंध अठराव्या शतकापासूनचा आहे. विदर्भातून येणाऱ्या बिऱ्हाडात भांड्यांच्या पोत्याबरोबर गोधड्यांची वळकटी असायचीच, आणि इथल्या शेतकऱ्याच्या घरी तीच वस्तू 'कथरी' या नावाने उन्हात वाळत असायची. कथरी काय, बंगालची कांथा काय, दोन्ही शब्द संस्कृतातील 'कंथा' या शब्दाचेच वंशज. पश्चिम महाराष्ट्रात वाकळ, तान्ह्या मुलासाठी दुपटे. नावे बदलली तरी करणी एकच. जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले सुती कापड थरावर थर घालायचे आणि धावदोऱ्याने एकजीव करायचे.

ही करणी पाहण्यासारखी असे. सारवलेल्या जमिनीवर आधी एक धड लुगडे अंथरायचे. त्यावर धोतरे, सदऱ्यांच्या पाठी, परकरांचे घेर, जे काही धडुते उरले असेल ते सुरकुती न ठेवता पसरायचे. जाड शिवणी उसवून काढायच्या, कारण त्या निजणाऱ्याच्या अंगाला रुततात. वर पुन्हा एक लुगडे. मग लांब लांब कच्चे टाके घालून थर जागच्या जागी धरायचे, कडा आत दुमडायच्या आणि एका कोपऱ्यापासून शिवायला आरंभ करायचा. शिवण कडेकडेने चारी बाजूंनी फिरते. एक फेरा पुरा झाला की बोटभर आत दुसरा, मग तिसरा. अशा रीतीने चौकोनात चौकोन घालीत सुई अखेर मध्यावर येऊन थांबते. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियाही आपली 'कवंदी' अशीच कडेकडून आत शिवत येतात. चारी कोपऱ्यांवर त्या रंगीत कापडाच्या घडीची त्रिकोणी फुले बसवितात, आणि ती फुले नसली तर कवंदी उघडी राहिली असे मानतात. महाराष्ट्रातील गोधड्यांचा असाच आस्थेने मागोवा गीता खंडेलवाल यांनी घेतला असून त्यांचे त्या विषयावरील पुस्तक २०१३ साली प्रसिद्ध झाले.

गोधडीला जुनेच कापड का लागते, याचे उत्तर केवळ गरिबीत शोधणे बरोबर होणार नाही. सुती कापड नवे असताना आटते आणि रंग सोडते. शंभर वेळा धुतलेल्या लुगड्याचे आटायचे ते आटून झालेले असते, सुटायचा तो रंग सुटून गेलेला असतो. असे थर एकत्र शिवले म्हणजे पुढे धुताना एक थर आखडला आणि दुसरा फुगला असे होत नाही. शिवाय सुई सहज चालते आणि घाम टिपला जातो. नऊवारीची लांबी-रुंदी एवढी की एका लुगड्यात गोधडीच्या दोन्ही बाजू निघत. पुढे सहावारी साडी आली आणि पाठोपाठ नायलॉन, टेरिलीन आले. हे कापड फाटत नाही, परंतु ते पाणी शोषीत नाही आणि थरात ठेवले तर घसरते. जुन्या कापडाचा घरातला साठा असा आटत गेला. दुपारचा मोकळा वेळही आटला. गिरणीची चादर आणि कृत्रिम धाग्याचे मऊ ब्लँकेट दुकानात स्वस्त मिळू लागले. यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही.

आता त्या शीघ्र पद्धतीकडे वळू. पट्ट्या जोडून भराभर वस्त्र करण्याची कल्पना अमेरिकेतही नवीन नाही. फ्लोरिडातील सेमिनोल स्त्रियांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत हाताने फिरवायच्या शिलाईयंत्रावर रंगीत पट्ट्या जोडून, त्या जोडपट्ट्या पुन्हा आडव्या कापून आणि सरकवून जोडण्याची एक सुंदर रीत सिद्ध केली होती. १९७९ साली जपानच्या ओल्फा कंपनीने गोल पात्याची फिरती सुरी काढली आणि कापडाचे अनेक थर एकदम सरळ कापणे सोपे झाले. त्यानंतरच्या काळात दुकानांत अडीच इंच रुंदीच्या सुमारे चाळीस पट्ट्यांची गुंडाळी तयार मिळू लागली. केकच्या गुंडाळीवरून तिला 'जेली रोल' म्हणतात. पट्ट्या कापाव्या लागत नाहीत, रंगसंगतीचा विचारही दुसऱ्याने करून ठेवलेला असतो.

तिची कृती अशी. सुमारे बेचाळीस इंच लांबीच्या चाळीस पट्ट्या टोकाला टोक जोडून एकच लांब फीत करावयाची. पहिल्या पट्टीचा अठरा इंचांचा तुकडा आधीच कापून टाकायचा, म्हणजे पुढे सांधे एकाखाली एक येत नाहीत. सांध्यांत जाणारे कापड वजा जाता ही फीत जवळजवळ १,५७० इंच भरते. फितीची दोन टोके सुलट बाजू आत ठेवून एकत्र आणायची आणि लांबीभर शिवत जायचे. शेवटी घडी कापली की दोन ओळींचा तुकडा तयार होतो, लांबी निम्मी. पुन्हा तेच केले की चार ओळी, मग आठ, मग सोळा आणि पाचव्या खेपेस बत्तीस. शिवणीत प्रत्येक कडेचा पाव इंच गेल्याने पट्टी दोन इंचांची उरते. म्हणून वस्त्र भरते सुमारे चौसष्ट इंच बाय एकोणपन्नास-पन्नास इंच. रंग कोठे येईल हे आधी सांगता येत नाही, आणि हेच या पद्धतीचे आकर्षण आहे. या पाच लांब शिवणींची एकूण लांबी १,५०० इंचांच्या आसपास, म्हणजे साधारण अडतीस मीटर होते. पायाने चालणाऱ्या शिलाईयंत्रावर सवय असलेल्या बाईला हे काम एका दुपारचे.

येथवर सारे ठीक आहे. परंतु अजून गोधडी झालेली नाही. झाला आहे तो केवळ तिचा वरचा पदर. खाली अस्तर आणि मध्ये थर घालून ते एकजीव करणे शिल्लक आहे. पन्नास बाय चौसष्ट म्हणजे ३,२०० चौरस इंच. धावदोऱ्याच्या ओळी इंचाइंचाच्या अंतराने घातल्या तरी ३,२०० इंच, म्हणजे एक्याऐंशी मीटर शिवण होते. अर्ध्या इंचाने घातल्या तर एकशे बासष्ट मीटर. इंचाला चार टाके धरले तर विरळ ओळींतही १२,८०० टाके पडतात. पट्ट्यांच्या युक्तीने वाचतो तो जोडणीचा वेळ. थर सांधण्याचा वेळ तेवढाच राहतो, आणि तो वाचविण्यासाठी यंत्रावर चार-दोन शिवणी मारून मोकळे झाले तर दोन-चार धुण्यांत आतला थर गोळा होतो. गोधडीचा टिकाऊपणा आणि तिची ती ओळखीची बारीक सुरकुती हाताच्या टाक्यातच आहे. तेव्हा जोडणी यंत्राने करावी आणि टाके हाताने घालावेत, ही वाटणी सर्वांत समंजस दिसते.

अर्थात जिला गोधडी विकून चार पैसे मिळवायचे आहेत, तिची अडचण यातून सुटत नाही. टाक्याला पाच पैसे एवढाच हिशेब धरला तरी १२,८०० टाक्यांचे सहाशे चाळीस रुपये होतात. कापड, दोरा आणि जोडणी निराळी. इंचाला चार टाके घालताना बोटाला होणारा त्रास पाहता पाच पैसे हा दर उदार म्हणता येणार नाही. तरीही गिऱ्हाईक ही किंमत ऐकून शेजारच्या दुकानातील ब्लँकेटकडे पाहते. जुन्या कापडाला किंमत नाही आणि बाईच्या वेळेलाही नाही, अशी ही दुहेरी गैरसमजूत आहे.

अलाबामा राज्यातील गीज बेंड या वस्तीची हकिकत या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे. तेथील कृष्णवर्णीय स्त्रिया कामाच्या विटलेल्या कपड्यांच्या पट्ट्या करून पांघरुणे शिवत. १९६६ साली त्या भागातील स्त्रियांची 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था स्थापन झाली. १९७२ साली सिअर्स या मोठ्या दुकानसंस्थेने तिला कॉर्ड्युरॉय कापडाचे उशांचे अभ्रे शिवण्याचे काम दिले. ते काम एका मापाचे, एका नमुन्याचे. हुकमाबाहेर टाका नाही. मात्र अभ्रे कापताना उरलेल्या पट्ट्या बायकांनी घरी नेल्या आणि त्यांतून आपल्या मनाजोगी पांघरुणे शिवली. २००२ साली गीज बेंडची पांघरुणे ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत भिंतीवर लागली, तेव्हा त्यांत या उरलेल्या कॉर्ड्युरॉयच्या पट्ट्यांचीही पांघरुणे होती. मोजून दिलेले अभ्रे कधीच विरून गेले असतील.

मग उतईच्या घरात काय करता येईल? तयार पट्ट्यांची गुंडाळी विकत घेण्याचे काही कारण नाही. नवे कापड मुद्दाम तुकडे करण्यासाठी विकत घ्यायचे आणि पुन्हा जोडायचे, हा गोधडीच्या मूळ हेतूचा विपर्यासच होय. पद्धत मात्र जरूर घ्यावी. दोन जुन्या सुती साड्या घ्याव्या, एक गडद आणि एक फिकट. उजेडासमोर धरून जेथे वीण विरलेली दिसेल तो भाग बाजूला काढावा. तो आतल्या थराला चालतो. सुरी किंवा फूटपट्टीही फारशी लागत नाही, कारण सुती कापडाला काठाशी छेद देऊन फाडले की ते धाग्याच्या ओळीने सरळ फाटते. जुने कापड शिवणीत उसवते, म्हणून पट्टी अडीचऐवजी तीन इंचांची ठेवावी आणि शिवण अर्धा इंच आत घ्यावी. जोडल्यावर ती तेवढीच, दोन इंचांची उरते. साडेपाच मीटरच्या साडीच्या रुंदीत अशा बहात्तर पट्ट्या निघतात. निम्मी साडी बाद झाली असे धरले तरी दोहोंच्या मिळून बहात्तर हाती लागतात. त्यांतल्या चाळीस गोधडीला पुरतात. अंथरुणाला लहान वाटली तर साडीचे काठ भोवती लावून ती वाढविता येते. एखादा नवा, गडद लाल वा निळा तुकडा मिसळायचा असेल तर तो आधी रात्रभर पाण्यात ठेवून, दोनदा धुऊन मगच घ्यावा.

उशांचे गणित याहून सोपे आहे. सत्तावीस इंच लांब आणि सतरा इंच रुंद अशा नेहमीच्या उशीच्या दर्शनी बाजूला चौदा आखूड पट्ट्या पुरतात. एका पट्टीचे दोन तुकडे होतात, तेव्हा उशीला सात आणि जोडीला चौदा पट्ट्या. पाठीमागे अखंड कापडाचे दोन भाग एकमेकांवर वीतभर चढवून शिवले म्हणजे गुंडी किंवा नाडी न लावता उशी आत घालता येते. या अभ्र्याला धावदोऱ्याची गरज नाही. आतून पातळ अस्तर दिले की शिवणी झिजत नाहीत. गोधडी आणि दोन उशा होऊनही अठरा पट्ट्या उरतात. घरात तान्हे मूल असेल तर त्यांतल्या चार मोहरीच्या उशीच्या खोळीला लागतील. ही शिवण मात्र बारीक आणि दुहेरी घालावी, नाहीतर मोहरी रात्रीत अंथरूणभर होते.