अंड्यातला पहिला ठोका



खुडूक कोंबडी २१ दिवस अंडी उबवते, हे आपल्या बीड जिल्ह्यात पोराटोरांनाही ठाऊक आहे. परंतु दुसऱ्याच दिवशी अंड्यातल्या गर्भाचे हृदय धडधडू लागते. त्या वेळी एकही मज्जातंतू तेथवर पोचलेला नसतो. मग हृदयाला हुकूम देतो कोण?

हुकूम पेशीतूनच निघतो. चुन्यात असते ते कॅल्शियम येथे कामाला येते. पेशीच्या आत ते मोकळे असे अगदी थोडे, तर बाहेर सुमारे दहा हजार पट! पाटाचे दार उघडताच पाणी वाफ्यात शिरते ना, तसे पेशीचे सूक्ष्म दार उघडले की कॅल्शियमचे विद्युत्भारित कण आत घुसतात. विजेचा तोल बदलतो, पेशी आकसते, हाच ठोका. मग पेशी ते कॅल्शियम बाहेर काढते आणि पुन्हा सज्ज होते. शेजारच्या पेशी एकमेकींना जोडलेल्या असल्याने लाट सर्वत्र पसरते. सुट्या केलेल्या पेशी आपापल्या तालात धडधडतात. एकमेकींना चिकटल्या की ताल एक होतो.

याचा माग लागला तो नळाच्या पाण्यामुळे. लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर बेडकाचे हृदय क्षारांच्या पाण्यात ठेवीत. पाणी नळाचे असले की ते चाले, शुद्ध ऊर्ध्वपातित असले की थांबे. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होते, हे त्यांनी १८८३ साली दाखविले. गुरुजी, जड पाण्याच्या विहिरीमुळे हंड्याला बसणारा पांढरा थर मुलांना दाखवा. त्यातही हेच कॅल्शियम असते.

आता माणसाचे पहा. गर्भ राहून तीन आठवडे होतात न होतात तोच बाळाचे हृदय चालू लागते. आईला तेव्हा दिवस गेल्याची अनेकदा कल्पनाही नसते! म्हणून मूल हवे असेल तर आधीपासून जपावे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध घेऊ नये. पुढे बाळाची हाडे घडताना आईच्या आहारात कॅल्शियम कमी पडले, तर तिच्या हाडांतले खर्ची पडते. दूध, तीळ, राजगिरा ताटात असू द्या. सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात.

दिवाळीच्या सुमारास आपल्याकडचे कोयते ऊसतोडीला निघतात. त्यात गरोदर बाई असेल तर निघण्यापूर्वी आशाताईंकडे नाव नोंदवा, गोळ्या आणि कार्ड बरोबर घ्या. बिऱ्हाड फडावर हलले, तरी पोटातले काम थांबत नाही.