गाडीचे सांधे आणि वंगण
(प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)



आपल्या बिलोली भागात बैलगाडी काही नवी नाही. लांबच्या वाटेला निघायचे म्हणजे गाडीवान आधी आसाला वंगण घालायचा. एरंडेलात भिजवलेली चिंधी आसावर फिरवायची, चाक चढवायचे, मगच बैल जुंपायचे. कोरडा आस करकरतो, झिजतो, आणि ओढताना बैलाचा जीव जातो. हे कोणाला शिकवावे लागत नव्हते.

आता माल पिकअपने जातो. सोयाबीन, कापूस, तूर भरून गाड्या नायगावला, देगलूरला, नांदेडला जातात. गाडी बदलली, पण नियम तोच आहे. लोखंडावर लोखंड घासले की दोन्ही झिजतात. मध्ये वंगण असले की झीज कमी होते. या वंगणालाच गॅरेजमध्ये ग्रीस म्हणतात.

ड्रायव्हर स्टेअरिंग फिरवतो आणि पुढची चाके वळतात. हे कसे होते? स्टेअरिंगच्या दांड्याखाली एक पेटी असते. तिच्यापासून निघालेले दांडे एकमेकांना हलवतात. टाय रॉड नावाचा दांडा दोन्ही चाके बरोबर वळवतो. दांडा जेथे जोडलेला असतो तेथे सांधा असतो. अगदी आपल्या खांद्यासारखा, वाटीत गोळा. म्हणून त्याला बॉल जॉइंट म्हणतात. त्यावर रबरी टोपण असते. पुढे सलग आस असलेल्या जुन्या गाड्यांना किंग पिन नावाची जाड खीळही असते. चाक तिच्याभोवती वळते.

आपल्याकडे उन्हाळ्यात फुफाटा, पावसाळ्यात काळा चिखल. टोपण फाटले की माती आत शिरते. ग्रीसमध्ये माती मिसळली की ते वंगण राहत नाही, कानस होते. बरं का, ही कानस आतल्या आत गोळा खाते, आणि बाहेरून काही दिसत नाही.

ग्रीस भरण्यासाठी सांध्यावर बोंडासारखी छोटी तोटी असते. ती ग्रीस निपल. तिच्या तोंडाशी स्प्रिंगवर बसवलेली बारीक गोळी असते. ग्रीस आत जाते, उलट बाहेर येत नाही. अशा निपलचे पेटंट ऑस्कर झर्क यांना अमेरिकेत १९२९ साली मिळाले. वस्तू बोटाच्या पेराएवढी, पण जगभर गाड्यांना ती लागते.

आता काम कसे करावे ते ऐका.

१. गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन बंद करा. हँडब्रेक ओढा. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. किल्ली खिशात ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नका.

२. निपल फडक्याने स्वच्छ पुसा. न पुसता ग्रीस मारले तर निपलवरची माती तुम्हीच आत ढकलता.

३. ग्रीस गन निपलवर नीट बसवा. हळूहळू दाब द्या. टोपण किंचित फुगले किंवा जुने ग्रीस बाहेर आले की थांबा. जास्त मारले तर टोपण फाटते.

४. ग्रीस आत जात नसेल तर निपल तुंबले आहे. ते काढून नवे बसवा.

५. बाहेर आलेले ग्रीस पुसून घ्या. त्यावर धूळ बसते.

काही सांध्यांना निपलच नसते. ते कारखान्यातूनच बंद करून येतात. त्यांना भोक पाडू नका. झिजले की बदला.

ग्रीस कोणते व किती किलोमीटरनंतर, हे गाडीच्या पुस्तकात छापलेले असते. पाण्यातून किंवा चिखलातून गाडी गेली तर तेवढी वाट पाहू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचे. ग्रीस हे झिजलेल्या सांध्याचे औषध नाही. एकाने स्टेअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवावे, दुसऱ्याने सांध्यावर हात ठेवावा. खटखट लागली किंवा दांडा आधी हलून चाक मागाहून हलले, तर सांधा गेला. मिस्त्रीकडून तो बदलून घ्या. नटातली पिन जागेवर आहे का, तेही पाहा.

अशा वेळी कोणीतरी म्हणतो, "एवढी खेप होऊ द्या, मग बघू." त्याचे ऐकू नका. टाय रॉडचा सांधा चालत्या गाडीत निसटला, तर स्टेअरिंग कितीही फिरवा, एक चाक ऐकत नाही. ते जाईल तिकडे गाडी जाते. समोरून शाळेची पोरे येत असतील, कोणाचा सायकलवाला येत असेल. एका खेपेचे भाडे मोठे की माणूस मोठा? पगारी ड्रायव्हरनेही मालकाला हे स्पष्ट सांगावे. त्यात उद्धटपणा नाही.

तुम्हांला आता लिहिता-वाचता येते. एक वही करा. तारीख, किलोमीटर, कोणत्या सांध्याला ग्रीस दिले, कोठे खटखट लागली, एवढे चार शब्द लिहा. घरच्या बहिणींनीही ही वही ठेवावी. माणूस विसरतो, वही विसरत नाही.